व्हर्ननने निवडलेला क्लब

व्हर्नन हॅफनर आता नाही, म्हणून हे सांगायला हरकत नाही. गेल्या फेब्रुवारीत शाळेच्या बसखाली काम करता करता त्याचं हृदय बंद पडलं. डेपोतल्या लोकांना वाटलं, उताणा पडून काहीतरी आवळतोय. कामात असताना हाक मारली की तो खेकसायचा, त्यामुळे बराच वेळ कुणी हाकच मारली नाही. हे लिहिण्याआधी मी त्याच्या मुलीला, ब्रिनला विचारलं. ती म्हणाली, "लिहा, मिस्टर गस. आता कळलं तरी डॅडना त्रास व्हायचा नाही."

बाल्टिमोरच्या नैर्ऋत्येला आमची घरं शेजारी शेजारी, मध्ये कुंपणसुद्धा नाही. आमच्याकडे मुलगी जन्मली की पाळण्यात लॅक्रोसची छोटी स्टिक ठेवतात, टोकाला चेंडू झेलायची-फेकायची जाळी असलेली. ब्रिनच्या पाळण्यात ती तिच्या आईने, लोरेनने ठेवली होती. व्हर्नन स्वतः कधी खेळला नव्हता. तो परगण्याच्या दुसऱ्या टोकाचा, बेसबॉलवाल्यांचा. लग्नानंतर कित्येक वर्षं तो लॅक्रोसला "फुलपाखरं पकडायचा खेळ" म्हणायचा आणि लोरेनच्या शिव्या खायचा.

ब्रिन चौथीत असताना लोरेन कॅन्सरने गेली. जाताना तिने नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली होती, हिचा खेळ या गल्लीत संपू देऊ नकोस. झालं. त्या दिवसापासून या माणसाने जिवाचं रान केलं. गोलकीपरच्या हेल्मेटखाली वेणी नीट बसावी म्हणून ती मानेपाशी सैल घालावी लागते. डिझेलने काळी पडलेली बोटं घासून घासून धुऊन तो ती वेणी घालायला शिकला. रोज संध्याकाळी मागच्या अंगणात ब्रिनला गोलमध्ये उभी करून तिच्यावर चेंडू मारायचा. नेम असा दिव्य, की अर्धे चेंडू माझ्या शेडच्या पत्र्यावर.

"व्हर्नन, गोल तिकडे आहे," मी स्वयंपाकघरातून ओरडायचो.

"शेड हलव तुझी," तो म्हणायचा.

आमच्या भागातल्या मुलींचा क्लब म्हणजे 'बीव्हर रन'. कोच माझी बायको मॉरीन. दिवसा दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायची आणि संध्याकाळी पोरींना पळवायची. क्लब कसा, तर जिंकला की बातमी व्हावी असा. आमचा बचाव म्हणजे चाळण, आणि माझी मुलगी टेसा त्या चाळणीतलं सगळ्यात मोठं भोक. त्यामुळे गोलमध्ये उभ्या असलेल्या ब्रिनवर चेंडूंचा पाऊस पडायचा. आणि ही पोरगी! अंगाने किरकोळ, पण तोंड सतत चालू. "टेसा, डावीकडे सरक! अगं तुझी डावी, माझी नाही! हा माझा, सोडा!" चेंडू मांडीवर घ्यायची, खांद्यावर घ्यायची, आणि उठून हसायची. आम्ही दहा गोलांनी हरायचो आणि समोरच्या संघाचे आईबाप येऊन विचारायचे, ती गोलवाली कुणाची?

व्हर्नन तेव्हा छाती काढून उभा राहायचा. पण आत त्याला एकच काळजी पोखरत असायची, हिला कॉलेजवाले बघणार कधी?

मुलीसाठी स्थळं पाहावीत तसे आमच्याकडे आईबाप क्लब पाहतात. कुठल्या क्लबच्या मुली कुठल्या कॉलेजच्या संघात गेल्या, कुणाचा कोच कुणाच्या ओळखीचा, कुठल्या स्पर्धेला कोण येतं. व्हर्ननला हे सगळं तोंडपाठ. आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून तो मॉरीनच्या तोंडावर बोलायचा.

"ब्लू हेरॉन क्लबच्या यंदा सगळ्या मुली गेल्या. एकही राहिली नाही. आपली गेल्या वर्षी कोण गेली, मॉरीन?"

"जेनिंग्जची मोठी."

"ती पोहण्यात गेली."

"गेली ना पण," मॉरीन म्हणायची आणि त्याच्यापुढे बटाटे सरकवायची.

मॉरीन त्याला परोपरीने सांगायची. "व्हर्नन, पुढे खेळणाऱ्या पोरीला चांगला संघ लागतो, गोल करायला साथ मिळते. पण गोलकीपरचं तसं नाही. तिला चेंडू यायला लागतात. हेरॉनचा बचाव एवढा पक्का आहे, की त्यांच्या गोलमध्ये माझी आई उभी केली तरी चालेल."

"तुझी आई सत्त्याऐंशीची आहे."

"तेच म्हणतेय मी."

तो हसायचा, पण ऐकायचा नाही.

त्यातच ती जुलैची स्पर्धा आली. ब्रिन आणि टेसा आठवी संपवून नववीत जाणार होत्या. आमच्या खेळात नियम असा, की अकरावीतली एक सप्टेंबर उजाडेपर्यंत कॉलेजच्या कोचने मुलीशी बोलायचं नाही, तिच्या आईबापाशीही नाही. बघा कितीही, बोलू नका. त्यामुळे उन्हाळी स्पर्धांना मैदानाच्या कडेने कोचांच्या घडीच्या खुर्च्या लागलेल्या असतात, आणि काळे चष्मे लावून ही मंडळी मुक्यासारखी बसलेली असतात.

त्या दिवशी थॉर्नबरी नावाच्या एक कोचबाई आमच्या गोलमागे येऊन बसल्या. पेनसिल्व्हेनियातल्या एका नावाजलेल्या कॉलेजच्या. ब्रिनने त्या सामन्यात जे केलं ते मी पुन्हा पाहिलं नाही. बाई पूर्ण सामना जागच्या हलल्या नाहीत. व्हर्ननचा धीर सुटला. बर्फातली पाण्याची बाटली काढून तो त्यांच्याकडे गेला. "ऊन फार आहे, बाई. ती गोलमधली माझी मुलगी," एवढंच म्हणाला.

बाई उठल्या. खुर्ची मिटली, त्याच्याकडे न बघता मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. बाटली त्याच्या हातात तशीच राहिली.

तो परत आला तेव्हा कान लाल झालेले. "माझ्या अंगाला डिझेलचा वास येतो काय रे, गस?"

"नियम आहे, व्हर्नन," मॉरीन म्हणाली. "तुला माहितीय."

"नियम बोलण्यापुरता आहे. पाणी घेऊ नका असा नाही. मान हलवू नका असा नाही." मग आमच्या संघाच्या उसवलेल्या तंबूकडे बोट दाखवून म्हणाला, "हे बघून उठली ती. हेरॉनचा बाप असता तर उठली असती का?"

त्याला नियम आमच्यापेक्षा जास्त पाठ होता. पण माणसाचा एकदा अपमान झाला, की पाठ असलेलं काही कामाला येत नाही. ऑगस्टमध्ये हेरॉनची निवड चाचणी झाली आणि ब्रिन पहिल्या झटक्यात निवडली गेली. मॉरीनला सांगायला तो स्वतः आला, टोपी हातात घेऊन. मॉरीनने त्याला मिठी मारली. तो गेल्यावर मात्र भांडी जरा जोरात आपटली.

आमच्याकडे दुसरी गोलकीपर नव्हती. बचावात टेसा काही उपयोगाची नव्हती, म्हणून तिच्या आईनेच तिला हेल्मेट घालून गोलमध्ये उभी केली. पहिल्या सामन्यानंतर पोरगी गाडीत घरी येईपर्यंत रडली. तिला शिकवलं कुणी? ब्रिनने. आमच्याच अंगणात, रविवारी दुपारी.

"डोळे मिटू नकोस गं. लागतंच. डोळे मिटून काय कमी लागणारे?"

हेरॉनचा गणवेश देखणा, पाठीवर चंदेरी बगळा. संघ जिंकत राहिला. व्हर्नन सुट्ट्या जमवून जमवून स्पर्धांना जायचा आणि मला फोटो पाठवायचा. फोटोत ब्रिन गोलमध्ये उभी, चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. हेरॉनकडे दोन गोलकीपर होत्या, प्रत्येकीला अर्धा सामना. त्या अर्ध्यात तिच्याकडे दोन चेंडू आले तर खूप. कधी एकही नाही. कडेला कोचांच्या खुर्च्या भरपूर होत्या, अगदी व्हर्ननने म्हटलं होतं तशाच. फक्त त्या सगळ्यांची तोंडं पलीकडे, जिथे गोल होत होते तिकडे.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी एकदा तिचा सामना बघायला गेलो होतो. पोरगी गप्प होती. ओरडायचं कुणाला? पुढच्या सगळ्या तिच्यापेक्षा शहाण्या. मग अंतिम सामन्यात समोरचा संघ तोडीस तोड निघाला, अचानक चेंडूंचा मारा सुरू झाला, आणि ब्रिन प्रत्येक वेळी किंचित उशिरा पोचली. दोन वर्षं चेंडू न आलेल्या हातांचं दुसरं काय होणार? परतताना व्हर्नन गाडीत तिला म्हणाला, "ऊन डोळ्यांवर होतं ना?" ती म्हणाली, "हो." ढगाळ दिवस होता.

अकरावीतल्या एक सप्टेंबरला शाळा सुटल्यावर ब्रिन आणि व्हर्नन त्यांच्या ओसरीत बसले. त्याने त्या दिवशी रजा घेतली होती. मधल्या तिपाईवर ब्रिनचा फोन. आमच्या स्वयंपाकघरात टेसाचा फोन वाजला तेव्हा खिडकी उघडी होती. मी ती लावायला धावलो, पण टेसाची किंकाळी त्याआधीच बाहेर गेली होती. थॉर्नबरीबाईंचा फोन होता.

जरा वेळाने व्हर्नन आला. त्याने टेसाला उचलून गरकन फिरवलं, मॉरीनचा हात हातात धरून ठेवला. "छान झालं. फार छान झालं," म्हणत राहिला. मग ओसरीत परत जाऊन बसला. जेवणाची वेळ टळून गेली, दिवे लागले, तरी दोघं बसून होते.

ऑक्टोबरमध्ये आम्ही कॉलेज बघायला गेलो. थॉर्नबरीबाई मोकळ्या निघाल्या. म्हणाल्या, "खरं सांगू का? तुमच्या क्लबकडे मी आले ती दुसऱ्याच मुलीसाठी. लहानखुरी, सारखी बोलणारी. आठवीतच मी ठरवलं होतं, ही माझी. तिचे वडील पाणी घेऊन आले होते. मला इतकी भीती वाटली, की एक शब्द तोंडून गेला आणि कुणी ऐकलं, तर मुलगी हातची जाईल. पळालेच मी तिथून."

मॉरीनने माझा हात घट्ट धरला.

"पुढच्या उन्हाळ्यात शोधलं तर ती हेरॉनमध्ये. दोन उन्हाळे तिच्या गोलमागे बसले. बघायला काही मिळेचना. आणि जेव्हा मिळालं तेव्हा ती प्रत्येक चेंडूला उशिरा. आठवणीवर मुलगी कशी घेणार? तिच्या जुन्या जागी कोण आलंय ते बघायला मग तुमच्याकडे आले, आणि टेसा दिसली."

परतीच्या सगळ्या वाटेत टेसा मागच्या सीटवर तोंड फिरवून बसली होती. मी तिला कुठे बोलू नकोस म्हटलं नाही, आणि तिने ते आपल्या मैत्रिणीला सांगितलं. सांगणारच. दुसऱ्या दिवशी मी शेडपाशी पानं गोळा करत होतो, तेव्हा ब्रिन आली.

"मिस्टर गस, डॅडना सांगितलं का तुम्ही?"

"अजून नाही. पण त्याला कळायला हवं गं. त्या बाईने त्याचा अपमान केला नव्हता, एवढं तरी."

"नका सांगू." तिने माझ्या हातातलं दाताळं घेतलं आणि स्वतःच पानं ओढायला लागली. "त्यांना वाटतंय, मला कुणी पाहिलंच नाही. तेवढं त्यांना झेपतंय. पण मला निवडलं होतं, आणि त्यांनीच मला तिथून उचलून नेलं, हे नाही झेपणार. तुझ्या आईला काय सांगू, म्हणत बसतील."

"आणि तुला झेपतंय?"

"मी गोलकीपर आहे," ती म्हणाली. मग तोंड फिरवून रडली. मी शेडमधून दुसरं दाताळं काढलं आणि तिच्या शेजारी पानं ओढायला लागलो.

बारावीनंतर तिने स्टिक ठेवून दिली. इथल्याच सरकारी कॉलेजात एक्स-रेचं शिकायला लागली. त्या ऑगस्टमध्ये टेसा जायच्या आधी आम्ही अंगणात खेकड्यांचा बेत केला. टेबलावर वर्तमानपत्रं अंथरलेली, लाकडी हातोड्या, मसाल्याने सगळ्यांचे ओठ चुरचुरत होते. व्हर्ननने दोन बिअर घेतल्या होत्या. ब्रिन त्याच्या शेजारी बसून नांग्या फोडत होती आणि मांस काढून त्याच्या ताटलीत टाकत होती.

"गस," तो मुलींचं बोलणं चालू असताना म्हणाला, "मी सगळे क्लब पाहिले. एकही सोडला नाही. जिथे सगळ्यात जास्त कोच येतात तिथेच नेली मी तिला. याहून जास्त बापाने काय करायचं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"एकदा, एकाने जरी तिला नीट बघितलं असतं ना, तर घेतलीच असती."

ब्रिनची हातोडी थांबली. ती माझ्याकडे बघत होती.

"घेतलीच असती," मी म्हणालो. "कुणी बघितलंच नाही, व्हर्नन."

त्याने मान हलवली, डोळे पुसले, आणि मसाल्याचा हात डोळ्यांना लागला म्हणून स्वतःलाच शिव्या देऊ लागला. ब्रिन पाणी आणायला उठली.