मामंजींनी रंगवलेली मोटरसायकल

इंजिन एका किकेत सुरू व्हायचं आणि दिवा मात्र मेलेला. या कोड्याने मला जेवण गोड लागू दिलं नाही. अहो, एकाच गाडीत एक वीज जिवंत आणि दुसरी मेलेली, असं कसं?

संस्थान विलीन झालं, तिथली फौज दिल्लीच्या फौजेत मिळाली, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही संस्थानच्या राजधानीत, जयेंद्रगंजात राहायचो: सासूबाई, मामंजी, आमचे हे आणि मी. मामंजी रिसालदार होते. फौज मोडली तसे ते पेन्शनवर घरी आले आणि त्यांची तलवार सरकारजमा झाली. हे त्याच फौजेत मोटरसायकलवरून डाक न्यायचे, पण डाव्या कानाने कमी ऐकू यायचं म्हणून नव्या निवडीत गळले. मग नव्या सरकारच्या कचेरीत डाक पोचवायची एक जागा निघाली. अट अशी की गाडी स्वतःची हवी आणि तिचा दिवा नि हॉर्न चालू हवा. दसऱ्यानंतरच्या सोमवारी साहेब गाडी बघणार होते. जागा हुकली तर ह्यांना कानपूरच्या गिरणीत जावं लागणार आणि मी इथेच. आमच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. मला नव्हतं राहायचं ह्यांच्याशिवाय, स्पष्टच सांगते.

आणि नेमकी नवरात्रात गाडी पेटली. टाकीखाली घासून एक तार उघडी पडली होती, तिची ठिणगी उडाली आणि वरून पेट्रोल ठिबकत होतं. भडकाच उडाला! हे नुसते "पाणी, पाणी" ओरडत राहिले. सासूबाईंनी घटासाठी आणून उरलेली माती टोपलीसकट वर ओतली म्हणून टाकी तरी वाचली. तारा, गादी, रंग, सगळं गेलं.

खंडेनवमी तोंडावर आलेली आणि पूजेला घरात शस्त्र नाही. मामंजी म्हणाले, "यंदा गाडीची पूजा करू." कामाला लागले ते असे की विचारू नका. स्क्रू न् स्क्रू उघडला, सांगाडा घासला, काळ्या रंगाचे हातावर हात दिले. पट्ट्यांच्या मागे, बोल्टांच्या खाली, जिथे कोणाची नजर जायची नाही तिथेसुद्धा. वर ह्यांनी नव्या तारा ओढल्या. नवमीला हळदकुंकू झालं, झेंडूची माळ चढली, गाडी नवरीसारखी दिसत होती. किक मारली, इंजिन धडधडलं. दिव्याचं बटण दाबलं तर काही नाही. हॉर्नही मुका.

पडाव भागातला गाड्यांचा मिस्त्री येऊन बघून गेला. "भाईसाहब, डायनमो जल गया. दिल्ली से मँगवाओ," म्हणाला. सोमवारपर्यंत दिल्लीहून काय येणार, कपाळ! हे डोक्याला हात लावून पायरीवर बसले.

मी विचारलं, "मग इंजिन कसं चालतं?"

"त्याची वीज ते स्वतःच तयार करतं. दिवा नि हॉर्न बॅटरीवर. डायनमो बॅटरी भरतो. तुला कशाला हव्यात चौकशा?"

"बॅटरी आता भरलेली आहे ना?"

"आहे."

"मग डायनमो मेला काय नि जगला काय, दिवा आज तरी लागायला हवा!"

हे ताडकन उठले. दिव्याचा बल्ब काढून थेट बॅटरीला लावला. लख्ख पेटला. तारा एकेक करून टॉर्चच्या बल्बने तपासल्या, सगळ्या धड. सगळं चांगलं आणि सगळं मिळून बंद. आता मला चैन पडेना. हे बल्ब परत बसवत असताना दिव्यात वाकून पाहिलं तर आत एकच तार गेलेली.

"अहो, घरातल्या दिव्याला दोन तारा असतात. हिची दुसरी कुठे आहे?"

"वेडे, गाडीचं लोखंड हीच दुसरी तार. वीज एका तारेने जाते आणि सांगाड्यातून परत येते."

"लोखंड कुठे दिसतंय इथे? सगळा तर रंग आहे."

मी अंबाड्यातला आकडा काढला आणि बॅटरीची पट्टी जिथे सांगाड्याला कसलेली होती तो बोल्ट ह्यांना उघडायला लावला. आत काळा कुळकुळीत, जाड, सुरेख रंग. आकड्याने थोडा खरवडला, पट्टी दाबून धरली, तर दिवा क्षणभर लुकलुकला. मी तर किंचाळलेच आनंदाने! पण रंग मामंजींच्या हातचा. आता त्यांना सांगणार कोण?

"तू सांग," हे म्हणाले.

"वा! वडील तुमचे आणि मी सांगू?"

पण मामंजी व्हरांड्यातच होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत जाऊन कानस घेऊन आले, मांडी घालून खाली बसले आणि मला म्हणाले, "कुठे कुठे, दाखव." मी बोट दाखवत गेले, ते घासत गेले. बॅटरीखाली, दिव्याच्या पट्टीमागे, हॉर्नच्या बोल्टाशी. रंगाचे कपटे त्यांच्या धोतरावर पडत होते. मला फार वाईट वाटलं, पण हात थांबवा म्हणायची सोय नव्हती. शेवटी ह्यांनी बटण दाबलं तर हॉर्न असा ओरडला की सासूबाई आतून "अगं बाई!" करत धावत आल्या. आमचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी साहेबांनी दिवा बघितला, हॉर्न दोनदा वाजवायला लावला आणि ह्यांना ठेवून घेतलं. हे घरी आले ते पेढे घेऊनच, पण स्वतः एकही तोंडात घातला नाही. मामंजींनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "आता काय राहिलं?"

साहेबांनी सांगितलं होतं, नंबराच्या पाटीवर जुन्या संस्थानाची अक्षरं चालायची नाहीत. ती मामंजींनी बारीक कुंचल्याने, श्वास रोखून, पांढऱ्या रंगात नव्याने काढली होती.

मामंजी उठले, कानस घेऊन गाडीपाशी गेले. पाटीसमोर उकिडवे बसले. कानस अक्षरांवर टेकवली आणि परत उचलली.

"सूनबाई, ह्या अक्षरांखाली वीज अडते का गं?"

"नाही, मामंजी. इथे नाही अडत."

"मग हे तू कर," ते ह्यांना म्हणाले. कानस ह्यांच्या हातात दिली आणि आत निघून गेले.