तीनकोनी तारे

नामिबियातल्या एका शेतावर, भर दुपारी, तंबूत झोपायचं म्हणजे तव्यावरच्या भाकरीसारखं पडून राहायचं. तरी त्रिशला डोळे मिटून पडली आहे. आकाश बघणाऱ्यांना दुपारची झोप चुकवून चालत नाही, रात्री डुलक्या यायला लागल्या तर एवढ्या लांब येऊन उपयोग काय? उशाशी लाकडी पेटी आहे. पेटीत जुन्या सुती साडीच्या घड्यांमध्ये दुर्बिणीचा आरसा आहे, त्याच्या बैठकीसकट. झोपेची आराधना करतानाही तिचा एक हात पेटीवरच आहे.

हा आरसा तिनं आणि तिच्या सासऱ्यांनी मिळून घासला. सासरे म्हणजे बाळगोंडा मगदूम, घरादाराचे आप्पा. जयसिंगपुरात त्यांचं चष्म्याचं दुकान. लग्न होऊन आल्यापासून त्रिशला त्याच दुकानात काड्यांचे स्क्रू पिळत बसायची, आणि आप्पांना म्हातारपणी दुर्बिणीचं खूळ लागलं तेव्हा घरातलं दुसरं खुळं माणूस म्हणून तीच त्यांच्या हाताशी आली. आप्पांना त्या दुर्बिणीतून एकच गोष्ट बघायची होती: दक्षिणेचे मॅजेलनचे मेघ. दिसायला ढगाचे दोन पुंजके, पण जागचे हलत नाहीत, कारण ते ढग नव्हेतच, आपल्या आकाशगंगेबाहेरची ताऱ्यांची गावं आहेत. जयसिंगपुरातून ते दिसत नाहीत. त्यासाठी आप्पांनी टोपी काढून पासपोर्टचा फोटोसुद्धा काढून घेतला. पासपोर्ट घरी आला आणि त्याच महिन्यात आप्पा गेले.

मग त्रिशलानं हट्ट धरला. सगळ्यात स्वस्त तिकीट, सगळ्यात अडनिडी वेळ, वाटेत अदिस अबाबाच्या विमानतळावरच्या बाकावर काढलेली रात्र, हॉटेल नाही तर तंबू, आणि स्वयंपाकाला नवरा. धन्यकुमारला ताऱ्यांचं काही सोयरसुतक नाही. "बॅग उचलायला कोणीतरी पाहिजे," म्हणून तो आला आहे, आणि पिठलं चांगलं करतो.

काल रात्री अंधार पडल्यावर त्रिशलानं दुर्बीण जोडली, आणि डोळा लावला. एकही तारा गोल नाही! प्रत्येक ताऱ्याला तीन टोकं, आभाळभर समोसे मांडून ठेवल्यासारखे. मेघांकडे दुर्बीण वळवली तर नुसता राखाडी पोतेरा. तिनं पहाटेपर्यंत नळी हलवली, भिंग बदललं, डोळे पुसले. आप्पांचा आरसा आपण वाटेत बिघडवला, हे तिच्या मनानं घेतलं. धन्यकुमारला ती काही बोललेली नाही. आजची रात्र शेवटची, उद्या परतीचं विमान.

तंबूच्या कापडावरची उन्हाची तिरीप सरकते, पिवळी होते. माशीची गुणगुण लांब जाते. बाहेरून कुणीतरी तंबूची चेन ओढतं.

"अगं, किती झोपणार हायस? बाहेर ये, मज्जा बघ!"

आप्पा. पांढरा हाफ शर्ट, पायजमा, खिशाला बारका स्क्रूड्रायव्हर. टोपी मात्र नाही, पासपोर्टच्या फोटोतल्यासारखे बोडके आहेत.

"आप्पा, तुम्ही कधी आला?"

"तुमच्यासंगंच की! वजनात धरलं न्हाई मला कुणी."

तिला हसू येतं. ते गेलेले आहेत हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असूनही इतका आनंद होतो की ती अनवाणीच बाहेर धावते. तांबड्या वाळूत आप्पा लहान पोरासारखे गरगर फिरताहेत.

"सावली बघ माझी! दक्षिणेला पडल्या! आणि सूर्य बघ, उत्तरेकडनं चाललाय शहाणा! सगळं उलटं हाय गं हितं! मृग नक्षत्र बी उलटं दिसलं आसंल काल?"

"दिसलं. डोक्यावर उभं."

"आन् मला उठवलं न्हाईस?"

ती त्यांच्यामागून चालायला लागते. आप्पा एका काटेरी झाडाच्या फांदीखालून वाकून जातात, ती वाकते, आणि सरळ होते तेव्हा दोघं दुकानात आहेत. काउंटर, काचेची कपाटं, डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता. फरशीवर मात्र वाळू आहे आणि तक्त्यावर अक्षरांच्या जागी ठिपके आहेत. सगळ्यात खालच्या ओळीतले ठिपके तीनकोनी आहेत. त्रिशला त्या ओळीकडे बघायचं टाळते.

"ह्यो घे." आप्पा एक चष्मा तिच्या हातात देतात. "भिंग ढिलं झालंय. बघ जरा."

तिचे हात आपोआप कामाला लागतात. स्क्रू बसवायचा, पिळायचा, आणखी एक चिमटीभर पिळायचा. मग चष्मा कानाशी धरून हलवायचा. आवाज आला तर स्क्रू परत पिळायचा. आवाज येत नाही.

"बेस्ट!" आप्पा खूष. "तुझ्या हातचा चष्मा गिऱ्हाईक म्हातारं झालं तरी ढिला व्हत न्हाई. चल, गाडी चुकंल."

"कुठली गाडी?"

काउंटरची फळी उचलून ते पलीकडे जातात आणि पलीकडे अदिस अबाबाचा विमानतळ आहे. तोच बाक, जिथं ती आणि धन्यकुमार बॅगांवर डोकी टेकून झोपले होते. बाकावर भडंगाचा डबा आहे, घरचा, बिनलसणाचा. आप्पा डबा उचलतात, कानाशी धरतात आणि हलवतात. आत खळखळ वाजतं.

"अजून शिल्लक हाय. सूर्य मावळला काय गं? मावळला आसंल तर मी खात न्हाई." घर जैनांचं, आप्पांनी उभ्या जन्मात दिवस मावळल्यावर अन्नाला हात लावला नाही. आता काय धाक उरलाय, असं विचारायचं तिच्या ओठांवर येतं, पण सासरे ते सासरेच.

ती काचेतून बाहेर बघते. धावपट्टीच्या टोकाला सूर्य अडकून राहिल्यासारखा दिसतो. "आहे अजून."

"मग बस." दोघं भडंग खातात. विमानं एकामागून एक उडतात, त्यांचा आवाज मात्र येत नाही. त्याऐवजी खर्रर्र, खर्रर्र असं काहीतरी ऐकू येतं. हा आवाज ती कुठेही ओळखेल. काचेवर काच घासल्याचा आवाज आहे हा.

बाकाच्या मागेच घराची गच्ची आहे. गच्चीवर पत्र्याचं पिंप, पिंपावर आरसा. आरसा घासायचा म्हणजे पिंपाभोवती फिरत फिरत घासावा लागतो, म्हणजे सगळीकडून सारखा झिजतो. सासरा-सून पिंपाला प्रदक्षिणा घालताना बघून शेजारच्या पाटलीणबाईंनी गल्लीभर केलं होतं की मगदुमांनी गच्चीवर कसला देव बसवलाय देव जाणे. आप्पा आता तशीच प्रदक्षिणा घालताहेत. हात मनगटापर्यंत तांबडे झालेत. शेवटची झिलई द्यायची ती तांबडी पूड, रूज. कपड्याला लागली की कपडा गेला. कठड्यापलीकडे जयसिंगपूर नाही, लांबच लांब तांबडं वाळवंट आहे, आणि त्याच्यावर उलटा मृग भर दिवसा लटकतो आहे.

"ये की, एक फेरी तू घाल," आप्पा म्हणतात. "मेघ बघितलेस न्हवं? सांग की कसे हाईत! सकाळपास्नं जीव टांगणीला लागलाय माझा!"

एवढ्या उत्साहानं विचारतात की तिला रडूच फुटतं.

"दुर्बिणीतून नाही दिसले आप्पा. बिघडला आरसा. सगळे तारे तीनकोनी दिसतात. मी आणला तो इथं, आणि माझ्याच हातनं..."

फेरी थांबते. खर्रर्र थांबतं. आप्पा तिच्याकडे बघतात आणि एकदम मोठ्यानं हसतात. गच्ची हलते एवढं हसतात.

"तीनकोनी? चारकोनी न्हाईत? पाचकोनी न्हाईत?"

"नाही. तीनच टोकं आहेत, सगळ्यांना."

"आन् आरशाला क्लिपा किती?"

त्रिशला आरशाच्या कडेवरून बोट फिरवते: काच धरून ठेवणाऱ्या तीन क्लिपा. आप्पा पिंपावरचा आरसा बैठकीसकट उचलतात आणि तिच्या कानाशी धरतात. "हलवून बघ. ऐक."

ती हलवते. काही वाजत नाही.

"मुका झालाय बिचारा," आप्पा म्हणतात. "कुणी पिळल्या क्लिपा?"

"मी. निघायच्या आदल्या दिवशी." तिला आता ते लख्ख आठवतं. बॅगेत आपटेल, जीपमधून येताना खडखडेल म्हणून तिनं तिन्ही क्लिपांचे स्क्रू पिळले, आणखी चिमटीभर पिळले, कानाशी धरून हलवलं, आवाज आला नाही, आणि तिला केवढं समाधान वाटलं होतं.

"आगं खुळे, चष्मा न्हवं त्यो! चष्म्याची काच हलली तर गिऱ्हाईक भांडाया येतंय. ह्यो कुणाच्या नाकावर बसणार हाय? दिवसा तापतोय, राती गार पडतोय. त्याला जागा लागती, न्हाईतर तिन्ही क्लिपांपाशी दबतोय. टक् करून वाजाया पायजे, किती येळा सांगितलं तुला?"

"सांगितलं होतं. मला भीती वाटली, आप्पा. फुटला असता तर? तुमचं एवढंच राहिलंय माझ्याकडे."

"म्हणून गळा आवळलास व्हय त्याचा?"

रागावून नाही म्हणत. तांबड्या अंगठ्यानं ते तिचा अंगठा धरतात आणि स्क्रूवर ठेवतात, उलट्या बाजूला वळवतात. लग्नानंतर पहिल्यांदा स्क्रू पिळायला शिकवला होता तसाच. आप्पांची पकड गरम आहे.

"थांबा ना," ती म्हणते. "अंधार पडू दे. मी लावते दुर्बीण. तुम्ही आधी बघा, मग मी."

"मी बघितल्यात गं," आप्पा म्हणतात आणि त्यांचे डोळे असे चमकतात की ती बघतच राहते. "येताना वाटंतच लागल्यात. लई, लई भारी हाईत! तू बघ आता. आन् आधी जेव. सूर्य..."

"...सूर्य चाललाय. ऊठ, पिठलं गार होतंय!"

धन्यकुमारचा आवाज आहे. तंबूची चेन उघडी आहे, आणि दारातून आलेलं ऊन तिरपं आणि केशरी झालं आहे. गाल ओले आहेत. त्रिशला धडपडत उठते, पेटी ओढते, साडीच्या घड्या उलगडते.

"आधी जेव की," धन्यकुमार ताट घेऊन दारात वाकला आहे. "मग नाही खाणार तू."

"एकच मिनिट. स्क्रूड्रायव्हर दे."

पहिली क्लिप ढिली होते. दुसरी. तिसरी जराशी करकरते आणि मग तीही सुटते. काच आणि क्लिपेमध्ये कागद सरकेल एवढी फट ठेवून ती आरसा बैठकीसकट कानाशी धरते. हळूच हलवते.

टक्.

तिच्या तोंडून अशी किंकाळी फुटते की धन्यकुमारच्या हातातलं ताट कलंडता कलंडता वाचतं. "अगं काय झालं काय?"

"वाजला! वाजला रे! आज दिसणार मेघ!" ती हसते आहे, रडते आहे आणि ताटासाठी हात पुढे करते आहे. धन्यकुमार तो हात मध्येच धरतो.

"माती लागलीय अंगठ्याला. धू जा."

वाळूच असणार, इथं सगळीकडे तांबडी वाळूच आहे. ती बाटलीतलं पाणी ओतते, साबणाची वडी घासते. बाकीचा हात स्वच्छ होतो. अंगठ्यावरचा डाग आहे तसाच राहतो, अगदी दुसऱ्या अंगठ्याच्या ठशाएवढा. त्रिशला त्याच्याकडे बघत राहते. रूजची शेवटची पुडी आप्पा असतानाच संपली होती. घरातसुद्धा चिमूटभर उरलेली नाही.

धन्यकुमार तिचा अंगठा उजेडाकडे वळवून बघतो. त्यानं आपलं बोट त्यावर घासून पाहिलं आहे, तरी काही उतरलेलं नाही. त्यानं आईला या रंगापायी आप्पांचे किती शर्ट टाकून देताना पाहिलं आहे.

"हा साबणानं नाही जात," तो हळू आवाजात म्हणतो.

बाहेर सूर्याची कड क्षितिजाला टेकली आहे. दोघं घाईघाईनं एकाच ताटात जेवायला बसतात. शेवटचा घास घेताना धन्यकुमार मान वर करून आभाळाकडे बघतो.

"ते मेघ," तो विचारतो, "कुठल्या बाजूला दिसणार म्हणालीस?"