काका पडून राहतात तेव्हा

शूटिंग चालू असताना कुणी हसायचं नाही, हा नियम मला पहिल्याच दिवशी कळला आणि तिथेच माझं डोकं फिरलं. विनोदी नाटकाचं शूटिंग, आणि हसायला बंदी.

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाचा एक जुना फार्स टीव्हीच्या एका चॅनेलनं घेतला होता. नाटकाचे चार भाग पाडून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मंडळात भराभर लिहिणारी मीच. म्हणजे पत्रकं लिहिणारी. भंवरकुआंच्या होस्टेलमधल्या मुलींना पाणी मिळत नाही इथपासून रस्त्यासाठी झाडं तोडू नका इथपर्यंत, मी सगळ्यावर पत्रकं काढलेली आहेत. शिवाय शाळेत असल्यापासून या फार्सची प्रॉम्प्टर मीच. विंगेत वही घेऊन बसायचं आणि कुणी अडलं की वाक्य पुरवायचं.

या फार्सचा सगळा जीव एका पडण्यात आहे. पडतात ते आमचे काका, रेल्वेतून रिटायर झालेले, सडपातळ, चेहरा कायम गंभीर. ते पोह्यांची प्लेट घेऊन येतात, समोर सासरेबुवा दिसतात, घाबरून खुर्चीत बसायला जातात आणि खुर्ची तेवढ्यात कुणीतरी ओढलेली असते. काका उताणे. प्लेट मात्र छातीवर सरळ, वरची शेवसुद्धा सांडत नाही. मग ते हलत नाहीत. लोक हसून दमले की पडल्या पडल्या एक चमचा पोहे खातात, आणि लोक पुन्हा सुरू होतात.

स्टुडिओ पलासियात, एका कोचिंग क्लासच्या वर. पहिल्या टेकला काका अगदी झकास पडले. स्टुडिओ चिडीचूप. पंखासुद्धा बंद. काका पडून राहिले. बराच वेळ पडून राहिले. शेवटी डायरेक्टर धावत गेला. पुण्याहून नोकरीसाठी आलेला, माझ्याच वयाचा मुलगा.

"काका, लागलं का कुठे?"

"लागतंय कशाला? लोकांचं हसू थांबायची वाट बघतोय."

"पण कुणी हसतच नाहीये."

काकांनी प्लेट छातीवरून उचलली. "मग मी पोहे खाऊ कधी?"

दुसऱ्या टेकला त्यांनी पडल्या पडल्या चमचा तोंडात घातला. भुकेला माणूस घसरून पडलाय, इतकंच वाटलं. मग डायरेक्टरनं तुकडे पाडले. आधी काकांचा चेहरा, मग खुर्ची, मग प्लेट. मॉनिटरवर प्लेट एकीकडे आणि काका दुसरीकडे. ती प्लेट कुणीही धरली असती.

"उद्या सकाळी शेवटचं बघू," तो म्हणाला. "नाही जमलं तर पडणं काढून टाकतो. इतर जागी रेकॉर्ड केलेलं हसू टाकू."

मी काकांना स्कूटरवरून घरी सोडलं. कृष्णपुऱ्याच्या पुलावर ते मागून म्हणाले, "पडायचं नसेल तर मी त्या सीनमध्ये येतो कशाला गं? पोहे द्यायला?"

घरी पोचल्यावर मी पत्रक लिहिलं. रेकॉर्ड केलेलं हसू म्हणजे प्रेक्षकाला मूर्ख समजणं आहे, हे माझं मत आजही आहे. मागण्या तीन. पडणं डोक्यापासून पायापर्यंत एकाच फ्रेममध्ये घ्यावं. उसनं हसू वापरू नये. स्टुडिओत सर्वांना हसण्याची मुभा असावी. सकाळी वीस झेरॉक्स काढून मेकअपवालीपासून सगळ्यांना वाटल्या.

साउंडवाले पक्के इंदोरी, सगळे त्यांना भिया, म्हणजे भैया, म्हणायचे. त्यांनी हेडफोन मानेवर उतरवून पत्रक पूर्ण वाचलं. "दीदी, तीसरी वाली काट दो. इतने लोग हँसेंगे तो डायलॉग कौन सुनेगा?"

मी अर्धा तास वाद घातला. त्यांचंच बरोबर होतं. पत्रकातली मागणी मागे घ्यायची मला सवय नाही, त्यामुळे रुसून कोपऱ्यात प्रॉम्प्टिंगची वही चाळत बसले. आणि तिथे ते होतंच. जिथे जिथे लोक हसतात तिथे मी पेन्सिलनं नागमोडी रेघ ओढलेली. छोट्या हशाला छोटी, मोठ्याला लांब. नाहीतर हशातच पुढचं वाक्य पुरवलं जातं. काकांच्या पडण्यापुढची रेघ पानाच्या कडेपर्यंत गेली होती. तो हशा किती टिकतो, हे माझ्या अंगात बसलेलं होतं.

मी डायरेक्टरला म्हटलं, "मी कॅमेऱ्याखाली बसते. हात वर म्हणजे लोक हसतायत. हात खाली आला की पोहे."

"एकच टेक," तो म्हणाला. "आणि ठीक आहे, एकाच फ्रेममध्ये."

काका पडले. मी हात वर केला. काका पडलेले, कॅमेरा स्थिर, माझा हात हळूहळू खाली येतोय, आणि भियांनी रुमालाचा बोळा तोंडात कोंबलेला. हात गुडघ्याला टेकला, काकांनी चमचा उचलला.

डायरेक्टर कट म्हणायचंच विसरला. मग मॉनिटरवर पुन्हा बघून म्हणाला, "सीन ठेवतो. हसूही टाकत नाही. पण एवढा वेळ टीव्हीवर काहीच नाही? लोकांना वाटेल, टीव्ही अडकला."

"त्या वेळात लोक घरी हसतील."

"आणि नाही हसले तर?"



तो भाग लागला त्या रविवारी दुपारी आम्ही काकांच्या घरी जमलो. काकू, शेजारच्या भाभीजी, त्यांच्या सासूबाई. भाभीजींना मराठी जेमतेमच कळतं. काका टीव्हीकडे बघतच नव्हते. ते खुर्चीत वळून आमच्याकडे बघत होते, रिझल्ट लागायचा असावा तसे.

टीव्हीतले काका पडले. खोली गप्प. मला वाटलं, संपलं.

"हाय राम, सेव भी नहीं गिरी," सासूबाई म्हणाल्या, आणि भाभीजी खो-खो हसायला लागल्या. मग काकू, ज्यांनी हे पडणं लग्नापासून पाहिलंय. टीव्हीवर काही हलत नव्हतं आणि कुणाला पर्वा नव्हती.

काकूंनी डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं. "तू हात वर धरून काय बसलीयेस?"

"राहू दे तिला," काका म्हणाले. "अजून पोह्यांची वेळ झाली नाही."