तीन बाटल्या ओ निगेटिव्ह

स्क्रीनवर ओ निगेटिव्हच्या तीन बाटल्या दिसत होत्या. मी रक्तदात्यांची नावं वाचली आणि तोंडचं पाणीच पळालं. पहिलं नाव माझ्या मेहुण्याचं होतं.

मेहुण्याला सुई नुसती दिसली तरी घेरी येते. त्याने जन्मात रक्तदान केलेलं नाही. ते नाव मीच टाईप केलं होतं, आदल्या आठवड्यातल्या ट्रेनिंगसाठी.

मोबाइल क्वचितच दिसायचे, तेव्हाची गोष्ट. मोताळा तालुक्यातल्या एका प्रसूतिगृहात मी कॉम्प्युटर बघायला आलो होतो. जिल्ह्यातल्या रक्तपेढ्यांचा साठा बुलडाण्याच्या सर्व्हरवर, म्हणजे तिथल्या मुख्य कॉम्प्युटरवर असायचा. इथला कॉम्प्युटर म्हणजे क्लायंट. त्याच्यात काही नसतं, तो फोनच्या तारेवरून डेटाबेसला विचारतो. कुठल्या डेटाबेसला, ते एका छोट्या खिडकीत भरायचं. डावीकडे डेटाबेसचं नाव, उजवीकडे त्याचा पत्ता. ट्रेनिंगपुरता मी खऱ्या डेटाबेसच्या नावापुढे सरावाच्या डेटाबेसचा पत्ता भरला होता. खरा भरायचा राहून गेला.

खिडकीत टेस्टचं बटण असतं. आल्या आल्या मी ते दाबलं. 'कनेक्शन सक्सेसफुल.' मी निवांत चहा घ्यायला गेलो. तेवढ्यात इथल्या वानखडे सिस्टरनी बुलडाण्याचा साठा पाहून जीप पाठवलीसुद्धा. धामणगाव बढ्याची एक बाळंतीण आत होती, गट ओ निगेटिव्ह, रक्त थांबत नव्हतं. तिचा दीर तिच्या रक्ताचा नमुना घेऊन बुलडाण्याला निघाला होता.

"सिस्टर, जीप थांबवा."

"गेली नं भाऊ, धा मिनिटं झाले. काऊन?"

"त्या बाटल्या खऱ्या नाहीत. शिकवण्यासाठी मीच टाकल्या होत्या."

सिस्टरनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही नको वाटते.

मी ती पत्त्याची खिडकी उघडली. पत्ता बदलताना एक आकडा चुकला, पुन्हा भरला. फोनची तार कॉम्प्युटरला जोडणारा मोडेम किरकिरला. या वेळी टेस्ट न दाबता थेट साठाच उघडला. बुलडाणा शून्य, मलकापूर दोन. मलकापूर नेमकं उलट्या दिशेला.

डॉक्टर दारात आले. मी झालेलं सांगितलं.

"किती वेळ आहे, सर?"

"मले माहीत असतं तं सांगितलं असतं. आधी त्या जीपले फिरवा."

फोन एकच, तोही मोडेमला लागलेला. कनेक्शन तोडलं. पण फोन लावायचा कुणाला?

"राजूर घाटाच्या खाली जीपा रेडिएटरमधी पाणी टाकाले थांबतेत," सिस्टर म्हणाल्या. "तिथल्या हॉटेलात एसटीडीचा फोन आहे, नंबर आहे माझ्यापाशी."

जुन्या जीपा घाट चढताना तापायच्या. पाणी घातल्याशिवाय ड्रायव्हर पुढे जात नसत.

हॉटेलवाल्याने ऐकून घेतलं आणि रिसिव्हर बाजूला ठेवला. पलीकडून नुसती टेपवरची गाणी ऐकू येत होती. मला वाटलं, जीप गेली.

"आहे जी," तो परत आला. "बोनेट उघडून उभा आहे. काय सांगू?"

"त्याले म्हणा, सीधा मलकापूरले जाय. इथं थांबू नको," माझ्या हातातून रिसिव्हर घेत सिस्टर म्हणाल्या.

मग लगेच त्यांनी मलकापूरला फोन करून दोन्ही बाटल्या राखून ठेवायला लावल्या. थोड्या वेळाने जीप आमच्या दारावरून हॉर्न वाजवत गेली. पुढचे दोन तास मी ऑपरेशन थिएटरकडे पाठ करून बसलो.

बाई वाचली. घरी जाताना दिराने मला पेढा दिला. "तुमच्या कॉम्प्युटरनं लय काम केलं," म्हणाला. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

नंतर ट्रेनिंग दिलेली सगळी केंद्रं मी पालथी घातली. टेस्टवर भरवसा ठेवला नाही. कनेक्शन झालं म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे, एवढंच कळतं. प्रत्येक ठिकाणी साठ्यातली नावं रक्तपेढीला फोनवर वाचून दाखवली. आणखी दोन ठिकाणी तेच निघालं. तिथे त्या आठवड्यात कुणाला रक्त लागलं नव्हतं, एवढंच.