दुर्बीणबाई आणि खारूचं अक्षर

दुर्बीणबाईंना हे नाव टपालखात्यात मिळालं. शहराच्या मोठ्या पोस्टात, छाननीच्या हॉलमध्ये, खिडकीजवळ एक टेबल होतं. ज्या पाकिटावरचा पत्ता कुणाच्या बापाला वाचता येत नाही, ते पाकीट त्या टेबलावर यायचं. पावसात भिजलेलं, घाईत खरडलेलं, थरथरत्या हाताने लिहिलेलं, सगळं तिथे. "टाका दुर्बिणीकडे," असं म्हणून लोक मोकळे व्हायचे. चौतीस वर्षं बाईंनी त्या टेबलावर काढली आणि खात्याने हात टेकलेली पाकिटं एकामागून एक मार्गी लावली. कुणी कौतुक केलं की त्यांचं डोकं फिरायचं. "त्यात काय एवढं? लिहिलंय तर वाचता येणारच," असं फटकन म्हणायच्या.

त्यांची रीत सोपी होती. शब्दाचा अंदाज बांधत बसायचं नाही, कारण अंदाज हमखास तोंडघशी पाडतो. हात कसा फिरला ते बघायचं. पेन जिथे टेकतं तिथे शाईचं बारीक टिंब पडतं आणि जिथे सुटतं तिथे रेघेला शेपूट फुटतं. टिंबापासून शेपटापर्यंत भिंग घेऊन चालत गेलं की अक्षर आपोआप उभं राहतं, असं त्या नव्या माणसांना सांगायच्या. नवी माणसं मान डोलवायची आणि पाकीट पुन्हा त्यांच्याकडेच सरकवायची.

निवृत्तीनंतर मात्र भिंग कपाटात गेलं. हाताने पत्ते लिहिणारी माणसंच संपत आली होती. रिकामपण खायला उठायचं. बाई औषधाच्या पट्टीवरचा बारीक मजकूरसुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढायच्या आणि कंपनीला शिव्या घालायच्या.

अशात एका सकाळी खालच्या मजल्यावरची नर्स त्यांच्या दारात उभी राहिली. ड्यूटीवर निघाली होती, पण पाय निघत नव्हता. हातात मुलीची उत्तरपत्रिका होती.

"मावशी, एवढं बघता का? आम्ही तर आता रडकुंडीला आलोय."

मुलगी दहा वर्षांची. घरात तिला खारू म्हणत, कारण खुर्चीवर पाय वर घेऊन, दोन्ही हात छातीशी धरून ती खारीसारखी बसायची. सहाव्या वर्षी तिला शाळेत घातलं होतं. चार महिने ती शाळेत गेली आणि चार महिन्यांत तिथे एक शब्द बोलली नाही. नंतर घरीसुद्धा बोलेना, तेव्हा आईबापांनी तिला शाळेतून काढलं. बाप नकाशे काढायचं काम घरूनच करायचा, तोच तिला शिकवू लागला. महिन्याभरात पोरीचं तोंड जे सुरू झालं ते पुन्हा बंद झालं नाही. फक्त एक अट होती. घरी शिकणाऱ्या मुलाने वर्षातून एकदा शिक्षण कार्यालयात जाऊन लेखी परीक्षा द्यायची. पहिल्या वर्षांत बरोबर उत्तरावर नुसत्या खुणा करायच्या होत्या, त्या निभावल्या. यंदा पहिल्यांदाच उत्तरं लिहायची होती, आणि पेपर परत आला होता. वर लाल शाईत तीन शब्द होते, 'वाचता येत नाही'. महिन्याभराने फेरपरीक्षा. तीही अशीच गेली तर खारूला शाळेत पाठवावं लागणार होतं.

बाईंनी उत्तरपत्रिका उघडली. मुंगीला शाईत बुडवून पानावर सोडून द्यावं तसा सगळा प्रकार होता. आणि बाप तर असा, की त्याच्या नकाशांवरची नावं छापलेली वाटावीत.

"ठेवून जा," बाई म्हणाल्या. "मी कुणाला शिकवलेलं नाही कधी, पण वाचून सांगते."

नर्स गेली. बाईंनी कपाटातून भिंग काढलं, पदराने पुसलं आणि बसल्या.

पहिलं पान लागायला एक तास गेला. प्रश्न होता, नकाशा म्हणजे काय. खारूने लिहिलं होतं, 'नकाशात वरची बाजू अशी काही नसते. उत्तरेला आपण वर म्हणतो कारण आपण कागद तसा धरतो. पक्ष्याला नकाशा कसाही धरला तरी चालेल.' बाईंनी ते पुन्हा वाचलं. मग भिंग खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसल्या. एवढं शहाणं उत्तर, आणि त्याच्यावर लाल शाईचा फराटा! त्यांना त्या तपासनिसाचा असा राग आला की चहा गार झाला तरी लक्षात आलं नाही.

पण दुसऱ्या पानावर त्या थबकल्या. काहीतरी चुकत होतं. अक्षरं वेडीवाकडी होती हे खरं, पण शेपटं भलतीकडेच होती. उभ्या दांड्याला टिंब खाली आणि शेपूट वर. शिरोरेषेला टिंब उजवीकडे आणि शेपूट डावीकडे. शब्द सगळ्यांसारखे डावीकडून उजवीकडे लिहिलेले, मात्र प्रत्येक अक्षरात हात मागे मागे आलेला. म्हणून तर ती एकमेकांच्या अंगावर चढली होती. चौतीस वर्षांत लाखो हात त्यांच्या भिंगाखालून गेले होते. असा हात त्यांनी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाई भिंगासकट खाली उतरल्या.

खालच्या घरात स्वयंपाकघराला लागून एक अरुंद टेबल होतं. एका बाजूला बापाचे नकाशे आणि पेनांचा डबा, दुसऱ्या बाजूला खारूची वही. दोनच खुर्च्या, समोरासमोर. खारू पाय वर घेऊन बसली होती. बाईंना बघून तिने वही हळूच मांडीखाली सरकवली.

"लपवू नकोस," बाई म्हणाल्या. "पक्ष्याला नकाशा कसाही धरला तरी चालेल, हे तूच लिहिलंस ना?"

खारूचे डोळे मोठे झाले. "तुम्हाला वाचता आलं?"

"न यायला काय झालं?"

"बाबालासुद्धा येत नाही. मीच त्याला वाचून दाखवते."

बाप ओशाळला. "तोंडी सगळं चोख येतं हो तिला, मावशी. वाचायची वेळच आली नाही कधी माझ्यावर. अक्षर मात्र... चार वर्षं रोज गिरवून घेतोय. मी काढून दाखवतो, ती काढते. कुठे चुकतंय तेच कळत नाही."

"आत्ता दाखव बघू काढून."

बापाने कोरा कागद ओढला आणि 'कमळ' लिहिलं. खारू समोरून बघत होती. बाईंना बसायला खुर्ची नव्हती, त्या खारूच्या मागे उभ्या होत्या. आणि तिथून त्यांना ते दिसलं. बापाचं पेन त्यांच्या उजवीकडून डावीकडे धावत होतं. तो दांडा वरून खाली ओढत होता, पण इथून बघताना तो दांडा जवळून सुरू होऊन लांब जात होता. अगदी शेपटं सांगत होती तसाच.

ही पोर चार वर्षं या खुर्चीत बसून बापाचा हात बघत होती आणि अक्षर सुलट ठेवून हात मात्र जसा दिसला तसाच फिरवत होती. बाप समोर बसून शिकवतोय हे दोघांच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. जागाच तेवढी होती.

"जरा ऊठ," त्या बापाला म्हणाल्या आणि त्याच्या खुर्चीत बसल्या. "खारू, मी पोस्टातली बाई आहे. मला एक ओळ लिहून दे. पण मला इथून वाचता यायला हवी. कागद फिरवायचा नाही."

"तुमच्या बाजूने?"

"माझ्या बाजूने."

खारूने पेन उचललं. कागदाच्या तिच्या जवळच्या कडेला, उजव्या कोपऱ्यात टेकवलं आणि हात डावीकडे चालू लागला. अडला नाही, मागे आला नाही. बाईंच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या बाजूने सुलट, एकेक अक्षर उमटत गेलं. दांडे ताठ, गोलाई भरदार, शब्दाशब्दांत सारखं अंतर, वर सरळ शिरोरेषा. 'आजी, तुमच्या चष्म्याची एक काडी वाकडी आहे.'

बाईंचा हात आपसूक चष्म्याकडे गेला. काडी खरंच वाकडी होती. पण त्या हसल्या नाहीत. बापाचंच अक्षर होतं ते, हुबेहूब, फक्त उलट्या बाजूने आलेलं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणाला ठाऊक नव्हतं, आणि एवढीशी पोर रोज मनातल्या मनात अख्खी बाराखडी फिरवत होती. आपण जन्मभर अक्षरं वाचली आणि हे असं काही जगात असेल अशी शंकाही आली नाही, असं त्यांना वाटलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

बाप मागून वाकून बघत होता. "देवा रे," एवढंच म्हणाला.

त्याच दिवशी त्याने आपली खुर्ची उचलून खारूच्या शेजारी लावली. आता नीट होईल सगळं, असं तो म्हणाला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, हात धरून. पण चार वर्षांची सवय अशी सांगून जाते थोडीच? अक्षर सुधारत होतं, नाही असं नाही. मात्र अर्ध्या तासात चार ओळी व्हायच्या. परीक्षेत दोन तासांत पाच पानं लिहायची होती. आणि दुसरी गोष्ट सगळ्यांच्या आधी बाईंच्या लक्षात आली. पोर बोलायची कमी झाली होती. जेवताना नाही, जिन्यात नाही. नर्सने एका संध्याकाळी वर येऊन सांगितलं, "मावशी, शाळेतल्यासारखं चाललंय तिचं," आणि तोंडाला पदर लावला.

बाई तडक खाली गेल्या.

"तिला तिच्या पद्धतीने लिहू दे."

"परीक्षेत?" बाप वैतागला. "मावशी, लोक काय म्हणतील? उत्तरपत्रिका उलटी ठेवून लिहिते म्हटल्यावर काढूनच घेतील तिच्या हातातून."

"लिहून झाल्यावर कागद उचलला की झाला सुलटा! कुठल्या बाजूला बसून लिहिलं, ते कागदाला कळतं होय? चौतीस वर्षांत मी एकाही पाकिटाला ते विचारलं नाही."

"पोस्टाचं वेगळं. मी तिला चुकीचं शिकवलंय, ते मलाच दुरुस्त करायला हवं."

त्याचा आवाज चिरकला, तेव्हा बाईंनी वाद सोडला. तो हट्टाने नाही, अपराधीपणाने बोलत होता. खारू शेजारी बसून वहीत 'कमळ' लिहीत होती, वरून खाली.

फेरपरीक्षा शिक्षण कार्यालयातल्या एका लहान खोलीत होती. काचेचं पार्टिशन, आत दोन बाकं, पर्यवेक्षक बाईंचं टेबल. परीक्षेला खारू एकटीच. नर्सला सुट्टी मिळाली नव्हती. बाप आणि दुर्बीणबाई बाहेरच्या बाकड्यावर बसले. बाईंनी चष्मा पुसून घेतला आणि काचेतून बघू लागल्या. एवढ्या लांबून अक्षर दिसत नव्हतं, हात दिसत होता आणि त्यांना तेवढं पुरेसं होतं.

हात रखडत होता. वरून खाली, थांब. डावीकडून उजवीकडे, थांब. घड्याळाचा अर्धा तास गेला तरी पहिलं पान अर्ध्यावर होतं. मग खारूने पेन खाली ठेवलं. दोन्ही हात छातीशी घेतले आणि काचेतून बापाकडे बघितलं. रडत नव्हती, नुसती बघत होती.

दुर्बीणबाई जीभ दाताखाली धरून बसल्या. शेजारी बाप दगडासारखा झाला होता. मग त्याने हात वर केला. पंजा उघडला आणि सावकाश, अर्धा गोल फिरवला.

खारूने उत्तरपत्रिकेचं दुसरं पान उघडलं. कागद उलटा फिरवला. जवळच्या उजव्या कोपऱ्यात पेन टेकवलं, आणि हात सुटला.

पर्यवेक्षक बाईंनी मान वर केली. कपाळाला आठ्या घालून त्या खुर्चीतून उठल्या आणि तरातरा बाकासमोर येऊन उभ्या राहिल्या. बापाने डोळे मिटून घेतले. दुर्बीणबाईंनी मिटले नाहीत. त्या पर्यवेक्षक बाईंच्या ओठांकडे बघत होत्या. आधी ते काहीतरी बोलायला उघडले. मग तसेच राहिले. मग हळूहळू हलू लागले, कारण त्या उभ्या होत्या तिथून त्यांना सगळं सुलट दिसत होतं, आणि त्या वाचत होत्या. खारू लिहीत गेली, त्या वाचत गेल्या. थोड्या वेळाने त्यांनी टेबलामागची खुर्ची आवाज न करता ओढून आणली आणि बाकासमोर बसल्या. घंटा होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

"उघड डोळे," दुर्बीणबाई म्हणाल्या. "बघ तरी."

आठवड्याने निकालाचा कागद आला. लाल शाई कुठेच नव्हती. गुण होते आणि पुढच्या वर्षीही घरी शिकायची परवानगी होती. नर्सने तो तीनदा मोठ्याने वाचला. बाई चहाचा कप धरून दारात उभ्या होत्या, कारण खारूने त्यांना बोलवून आणलं होतं.

बापाने खारूला विचारलं, "पण तू अगदी पहिल्यांदा, एवढीशी होतीस, तेव्हापासूनच असं काढायचीस. मी रोज म्हणायचो, उलटं काढलंस, सुलट काढ, मग तू अक्षर तेवढं सुलट केलंस. आठवतं?"

"आठवतं की."

"मग उलटं का काढायचीस?"

खारूला प्रश्नच कळला नाही. "उलटं कुठे? तू समोर बसायचास ना. तुला वाचता यावं म्हणून."

बाप उठला, खारूच्या शेजारी लावलेली आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून समोर नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसला. एक कोरा कागद दोघांच्या मध्ये सरकवला.

"लिही," तो म्हणाला. "मी वाचतो."