पेटीतला गंजका कंदील

ऑफिसात तिला सगळे खुसपटताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे पूर्ण नाव. तिला ते ठाऊक होतं आणि तिची हरकतही नव्हती, कारण खुसपटं काढण्याचाच तिला पगार मिळायचा. गेम बनवणाऱ्या कंपनीत ती टेस्टर होती. दिवसभर खुर्चीत बसून तलवार भिंतीत घुसवायची, पुलावरून मुद्दाम उड्या मारायच्या, दुकानदाराशी बोलता बोलता मरून बघायचं आणि कुठे काही फाटलं की प्रोग्रामरच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं. वय सत्तेचाळीस. बारा वर्षांत तिने हजारो राक्षस लोळवले होते. घरात झुरळ निघालं तर मात्र ती स्टुलावर चढायची.

मुळात बाई भित्री. गॅस बंद केला का, कुलूप नीट लागलं का, हे बघायला जिन्यावरून तीनदा परत यायची. पण तिच्या धंद्यात हा भित्रेपणा कामाला येत होता. धीट माणूस दार उघडून पुढे जातो. ही दारापाशी थांबून काय काय वाईट होऊ शकेल याची यादी करायची, आणि त्या यादीतलं काही ना काही खरं निघायचंच.

कंपनीच्या पहिल्या गेमचं बरं चाललं होतं. आता दुसरा भाग येत होता. तो पूर्ण व्हायला अजून वर्षभर तरी लागणार होतं, म्हणून तयार झालेला अर्धा गेम आधीच विकायला काढायचा आणि बाकीचा लोक खेळत असताना रचत जायचा, असं ठरलं. याला अर्ली अ‍ॅक्सेस म्हणतात. बांधकाम चालू असलेल्या घरात राहायला जाण्यासारखा प्रकार. विकत घेणाऱ्यांनी काय अपेक्षा ठेवावी, हे सांगणारं पान लिहायचं काम ताईकडे आलं. सहापैकी तीन प्रकरणं मिळतील. सातपैकी चारच प्रकारचे नायक. काही दारं बंद दिसतील, ती लाथा मारून उघडणार नाहीत. आज भारी वाटणारी तलवार पुढच्या महिन्यात हलकी झालेली असेल. हे सगळं तिने सरळ लिहिलं. शेवटची ओळ मात्र साहेबांनी घालायला लावली होती: तुमचा नायक पुसला जाणार नाही.

त्या ओळीला कारण होतं. पहिला गेमही असाच आधी अर्धा विकला होता, आणि पूर्ण गेम आला त्या दिवशी सगळ्यांचे जुने नायक पुसले गेले होते. लोकांनी रोज थोडं थोडं खेळून वाढवलेले नायक. शिव्यांचा पाऊस पडला आणि त्या वाचून वर्गवारी करायचं काम ताईच्याच गळ्यात आलं. शिव्यांचं तिला काही वाटलं नाही. एकाने फक्त एवढंच लिहिलं होतं, ‘निदान नाव तरी ठेवायचं होतंत.’ ते तिच्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून या वेळी त्या ओळीखाली ‘तपासून पाहिलं’ अशी सही करायच्या आधी तिने पेन दोनदा खाली ठेवलं होतं. तरी तिने सही केली.

आता तिच्या गुन्ह्याबद्दल. घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. बाबा एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होते. कागदावर सही घेतल्याशिवाय त्यांनी मालकालासुद्धा स्क्रू दिला नव्हता. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली, बोटं हलती ठेवा. रबरी चेंडू दिला, तो बाबांनी दोन दिवस दाबला आणि कपाटावर ठेवून दिला. “हे काय काम आहे?” म्हणाले. तेव्हा ताईने अर्धवट गेमची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि पर्समधून घरी आणली.

ऑफिसातून काहीही बाहेर नेणार नाही, असं प्रत्येकाने लिहून दिलेलं होतं. एका चित्रकाराने वहिनीला गंमत म्हणून राक्षसाचा फोटो पाठवला, तर संध्याकाळी त्याची खुर्ची रिकामी होती. ताईला हे माहीत होतं. दर पंधरा दिवसांनी नवी प्रत नेताना दारावरच्या वॉचमनसमोर ती पर्स घट्ट काखेत धरायची. पण बाबांचं उजवं पहिलं बोट हलायला लागलं होतं, आणि ती नेत राहिली.

बाबांनी एक धनुर्धारी बाई निवडली. नाव लिहायला सांगितलं तेव्हा बोट ‘ट’ वर पडलं, पुढे हलेना, म्हणून तिचं नाव ट. बाबा म्हणायचे, आमची ट. ट लढायची कमी आणि गोळा जास्त करायची. फाटका जोडा, मोडका बाण, बिनतळाचं भांडं, जे दिसेल ते उचलून आपल्या पेटीत. ताई हसायची. “बाबा, तो गंजका कंदील काही कामाचा नाही. टाकून द्या.” बाबा म्हणायचे, “एकदा स्टोअरमध्ये आलं की ते आपल्या जबाबदारीचं. कामाचं आहे की नाही, ते मागायला येणारा ठरवेल.”

गेम दुपारी बारा वाजता लोकांसाठी खुला होणार होता, त्या दिवशी सकाळी साडेसातला बाबांनी हाक मारली.

“बाळ, ट दिसत नाही गं.”

आदल्या संध्याकाळी तिनेच शेवटची, लोकांना मिळणार होती तीच प्रत घरी चढवली होती. ती हातातला कप ठेवून बघायला गेली. नायकांची यादी कोरी होती. नवीन नायक बनवा, एवढंच तिथे लिहिलेलं.

“माझ्याकडून काही दाबलं गेलं का?” बाबांनी विचारलं. त्यांचा चेहरा स्टोअरमध्ये माल कमी भरल्यावर व्हायचा तसा झाला होता.

“नाही बाबा, तुमचं काही नाही चुकलं.”

हे बोलून गेल्यावर तिला त्याचा अर्थ लागला. बाबांचं चुकलं नाही, म्हणजे गेमचं चुकलं. आणि गेमचं चुकलं, तर बारानंतर कितीजणांच्या याद्या कोऱ्या होणार होत्या? यादीत ट नसली तरी तिची फाइल कॉम्प्युटरवर होती; ताईने ती पेन ड्राइव्हवर घेतली, पर्समध्ये टाकली, आणि काही झालं तरी ती बाहेर काढायची नाही असं ठरवलं. ऑफिसात बसून तोच घोळ पुन्हा घडवून दाखवू, म्हणजे घरचं नाव निघणार नाही.

साडेआठपासून ती मशीनला चिकटली. धनुर्धारी बाई बनवली. पेटी गच्च भरली, बंद केली, उघडली. बाई जागेवर. नाव एका अक्षराचं ठेवलं. जागेवर. मोडके बाण, फाटके जोडे, सगळं कोंबलं. बाई ठणठणीत. आणि दहाच्या सुमारास काय राहून गेलं ते तिला दिसलं.

ऑफिसातले टेस्टर रोज सकाळी नवा नायक करायचे. गेमची प्रत रोज बदलायची, म्हणून कालचा नायक शिळा, तो पुसायचा आणि कोऱ्या पाटीने सुरुवात करायची. हा नियम बारा वर्षांपूर्वी खुद्द ताईनेच घातला होता. म्हणजे सबंध इमारतीत एक दिवसापेक्षा जास्त जगलेला नायकच नव्हता. लोक मात्र एकच नायक वर्षभर सांभाळणार होते. ‘तपासून पाहिलं’ म्हणून तिने सही केली होती, आणि तपासलेलं काहीच नव्हतं.

नायकांच्या फाइली सांभाळणारा प्रोग्रामर दिवसाला दहा शब्द बोलायचा, म्हणून त्याला सगळे मौनीबुवा म्हणत. साडेदहाला ती त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

“जुना नायक नव्या प्रतीत गायब होतोय.”

“कुठे?”

“मला वाटतंय तसं.”

“ताई, तुम्हाला वाटतंय म्हणून मी बाराचा गेम थांबवू?” मौनीबुवांनी दिवसाचे जवळजवळ सगळे शब्द खर्च केले. “फाइल दाखवा.”

ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भीती तिला रोजचीच, पण ही वेगळी होती. रोजच्या भीतीत काय होईल ते माहीत नसतं. इथे सगळं माहीत होतं. फाइल दिली की संध्याकाळी खुर्ची रिकामी. या वयात राक्षस मारायला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? बाबांची औषधं, व्यायामवाली बाई, सगळं तिच्या एकटीच्या जिवावर. नाही दिली, तर कुणाला काही कळणार नव्हतं. पुढे कधीतरी नायक गायब होतील, लोक ओरडतील, मौनीबुवा शोधत बसतील. तिचं नाव कुठेच येणार नाही. तिने तोंडावर पाणी मारलं. ‘निदान नाव तरी ठेवायचं होतंत.’ कोण होता कुणास ठाऊक. तिला त्याचा रागच आला.

परत येऊन तिने पर्स उघडली आणि पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

मौनीबुवांनी फाइल उघडली. ज्या मशीनवर ती बनली त्याचं नाव वर लिहिलेलं होतं: बाबांचा कॉम्प्युटर. त्यांनी ते वाचलं, तिच्याकडे पाहिलं, आणि फाइलमध्ये पुढे वाचत गेले. पंधरा मिनिटांत म्हणाले, “कंदील.”

“कुठला?”

“गंजका. आठ दिवसांपूर्वी आपण गेममधून काढून टाकला.”

ऑफिसातल्या एका दिवसाच्या नायकांनी तो कंदील पाहिलेलाच नव्हता. ट च्या पेटीत मात्र तो होता. नवी प्रत पेटी उघडायची, हा कंदील कोण म्हणून विचारायची, उत्तर मिळालं नाही की अख्खा नायकच बाहेर टाकायची. अर्धवट गेममध्ये दर पंधरा दिवसांनी काही ना काही काढलं जाणारच होतं. दर वेळी कुणाच्या ना कुणाच्या पेटीत एखादा कंदील असणार होता.

मौनीबुवांनी साहेबांना बोलावलं. साहेब आले, उभ्या उभ्या ऐकलं आणि घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं.

“फाइल कुणाची?”

“एका जुन्या मशीनवर सापडली,” मौनीबुवा म्हणाले. बारा वर्षांत ताईने त्यांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. जमत नव्हतं त्यांना.

“नाही साहेब,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा बोलावं लागलं. “नाही. माझ्या घरची आहे. माझे वडील खेळतात. मी नेली.”

साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. मग मौनीबुवांना विचारलं, “दुरुस्तीला किती वेळ?”

“ओळख न पटलेल्या वस्तूच्या जागी साधा दगड ठेवायचा. नायक वाचेल. चार वाजतील.”

“चारला खुला करू.” मग ते तिच्याकडे वळले. “ताई, तुम्ही वेळेवर सांगितलंत, ते मी विसरणार नाही. पण नेलंत तेही विसरता येणार नाही. घरची प्रत आज पुसायची. फाइलसकट, आणि तुमच्या हाताने. ऑफिसचं कार्ड इथे ठेवून जा. उद्या अकराला भेटा, तेव्हा बोलू.”

टेबल आवरून ती निघाली तेव्हा तीन वाजले होते, आणि मौनीबुवांनी नुकतीच तयार झालेली दुरुस्त प्रत भरून पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला. चारला गेम खुला झाला तेव्हा ती घरी पोचली होती. बाबा कॉम्प्युटरसमोरच बसले होते. तिने पेन ड्राइव्हवरची दुरुस्त प्रत चढवली. पुसायच्या आधी एकदा दाखवावं, एवढीच तिची इच्छा. यादीत ट परत आली. पेटी उघडली तर सगळं जागच्या जागी, फक्त कंदिलाच्या ठिकाणी एक करडा दगड.

“कंदील गेला वाटतं,” बाबा म्हणाले. “असू दे. बाकी माल बरोबर आहे.”

तिला रडू आलं. तिने त्यांना सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले. मग हळू आवाजात विचारलं, “म्हणजे सही न करता आणला होतास?”

“हो.”

“माझ्यासाठी?”

तिने मान हलवली. बाबांनी पडद्यावरच्या ट कडे पाहिलं.

“माल त्यांचा आहे. परत जायला हवा. सरक, मी करतो. बोटांचा व्यायाम माझा आहे.”

त्यांचं उजवं पहिलं बोट पुसण्याच्या बटणावर गेलं. झटक्यानंतर हेच बोट चमचासुद्धा धरत नव्हतं. गेमने विचारलं, ट ला कायमचं पुसायचं का? बाबांनी बोट उचललं, पुन्हा खाली आणलं, आणि हो दाबलं. यादी कोरी झाली. पुढचं बटण दाबून त्यांनी गेमही पुसला.

“आता हा बाहेर विकत मिळतो ना?”

“हो. चार वाजल्यापासून.”

“मग घे एक. पावतीसकट घे.” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “उद्या काय म्हणतील ते?”

“माहीत नाही, बाबा. मला फार भीती वाटतेय.”

“मलाही वाटतेय,” बाबा म्हणाले आणि डाव्या हाताने शेजारची खुर्ची ओढून तिला बसायला जागा केली.