सदतिसावा सांधा

खाणीवर तिला सगळे हवावाली म्हणायचे. सोन्याचा खडक फोडून त्याचा डोंगर रचायचा, वरून विषारी पाणी ठिबकवायचं, म्हणजे सोनं विरघळून खाली उतरतं. ते पाणी जमिनीत मुरू नये म्हणून आधी मैदानभर चिकणमाती दाबून तिच्यावर काळं प्लास्टिक अंथरतात. त्याचे पट्टे तिचा धाकटा दीर यंत्राने जोडायचा आणि ही प्रत्येक सांध्याच्या पोकळीत हवा भरून दाबाचा काटा बघायची. पाच मिनिटं काटा हलला नाही, तर सांधा पास. दिराचे सांधेही तिने कितीदा नापास केले होते.

"वहिनी, घरी पोटभर वाढता आणि इथे पोटावर पाय देता!" तो कुरकुरायचा.

सदतिसाव्या सांध्यावर काटा खाली आलाच नाही. वर चढला. थांबला, उतरला, पुन्हा चढला. तिने पंप काढून ठेवला, तरी तेच. मग तिच्या लक्षात आलं, आपला श्वासही त्याच लयीत चाललाय. तिने तो रोखला. काटाही थांबला.

"ऊन लागलं की हवा फुगते, बाई," इंजिनिअर साहेब हसले.

"ऊन आहे कुठे, साहेब? सकाळपासून आभाळ भरलंय."

दिराने प्लास्टिक कापलं. खाली रोलरने गुळगुळीत दाबलेली माती, आणि तिच्यावर हाताचा पंजा. पण ठसा आत गेलेला नव्हता. पाचही बोटं वर उठून आली होती, खालून कोणी रेटावं तशी.

साहेबांनी कमरेएवढं खोदायला लावलं. घट्ट, कोरडी माती. ना बीळ, ना ओल. खड्डा भरला, दाबला, वर ठिगळ जोडलं. हवावालीने पुन्हा हवा भरली आणि पाच मिनिटांऐवजी तासभर बसून राहिली. काटा जागचा हलला नाही. तिने सही केली. न करायला कारण तरी काय सांगणार?

महिन्याभरात तिथे खडकाचा डोंगर उभा राहिला. गळती तपासायच्या नळीत एक थेंबही आला नाही. एकदा चहा पिताना साहेबांनी हळूच विचारलं, "बाई, तुम्ही त्या ठशावर हात ठेवला होता ना? मी पाहिलं."

"ठेवला होता."

"मग?"

"उबदार होता, साहेब. माझ्याच मापाचा."

पुढच्याच आठवड्यात तिने काम सोडलं. दीर अजून तिथेच आहे. त्या बाजूला जायची वेळ आली की लांबचा वळसा घेतो, असं धाकटी जाऊ सांगते.